दातवण, राखुंडी आणि कुंचला : दंतधावनाच्या साधनांचा एक शब्दैतिहास

१

खडकवासला हे मुठेकाठचे गाव १८७९ च्या सुमारास पूर्ण झालेल्या धरणामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेथील एखाद्या किराणा दुकानात सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. गिऱ्हाईक दंतमंजन किंवा पेस्ट घेताना तिचे नाव घेऊन मागते. ब्रश घेताना मात्र त्याचे म्हणणे एवढेच असते, की "कुठलाही द्या, पण चांगला घासणारा द्या." ब्रशाच्या वेष्टनावर मऊ, मध्यम, कडक असे प्रकार छापलेले असतात. त्यांकडे पाहण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही.

पदार्थाविषयी इतका चोखंदळपणा आणि साधनाविषयी इतकी उदासीनता का असावी? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अर्थातच आर्थिक व सामाजिक इतिहासात शोधावे लागेल. तथापि मराठी भाषेत दंतधावनासंबंधी जे शब्द टिकले, जे बदलले आणि जे लोपले, त्यांची साक्ष या बाबतीत काय सांगते, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२

प्राचीन वैद्यकग्रंथांत दात स्वच्छ करण्याच्या काडीस 'दंतपवन' किंवा 'दंतकाष्ठ' म्हटले आहे. यातील 'पवन' म्हणजे वारा नव्हे. 'पू' म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून तो शब्द झाला असून त्याचा अर्थ शुद्ध करणारे साधन असा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिवसातून दोन वेळा दंतपवन वापरण्यास सांगितले असून करंज, करवीर, रुई, मालती, अर्जुन, असाणा इत्यादी वनस्पतींचा निर्देश केला आहे.

सुश्रुताचे विवेचन याहून तपशीलवार आहे. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायानुसार काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि बिनगाठीची असावी. कडू रसाच्या वृक्षांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज हे श्रेष्ठ होत. यांतून कोणता घ्यावा, हे ऋतू, दोष आणि प्रकृती पाहून ठरवावे. तोंड आले असता, किंवा टाळू, ओठ, जीभ यांना विकार झाला असता काडी मुळीच वापरू नये. वाग्भटानेही अष्टांगहृदयात अशा निषेधांची यादी दिली आहे. सारांश, सर्वांसाठी एकच साधन योग्य नव्हे, हे तत्त्व या परंपरेत आरंभापासून मान्य आहे.

ही प्रथा केवळ ग्रंथांत राहिली नव्हती. इ. स. ६७१ मध्ये चीनहून निघालेला बौद्ध यात्री इत्सिंग याने येथील भिक्षूंच्या दंतकाष्ठाचे वर्णन केले आहे. त्यानेही लांबी बारा अंगुळेच सांगितली आहे.

सुश्रुताच्या विधानातील दोन बारकावे पुढील विवेचनासाठी विशेष महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे, चावून मऊ केलेल्या काडीच्या टोकास तो 'कूर्चक' म्हणतो आणि हा कूर्चक मृदू असावा असे सांगतो. दुसरे, प्रत्येक दात वेगळा घासावा, पण हिरडीला इजा होऊ देऊ नये, अशी त्याची अट आहे. चूर्णाचाही उल्लेख तेथे आहे, परंतु तो कूर्चकाच्या जोडीने. साधन आणि पदार्थ अशी ही जोडी होती.

३

या तीन शब्दांचे मराठीत काय झाले ते आता पाहू.

'दंतपवन' यातील दोन स्वरांमधील 'प'चा 'व' आणि 'न'चा 'ण' होऊन प्राकृतात 'दंतवण' झाले व त्यापासून मराठी 'दातवण' आले. गुजरातीतील 'दातण' आणि हिंदीतील 'दातुन' ही त्याचीच भावंडे होत. मात्र त्या भाषांत शब्दाचा अर्थ आजही काडी असाच आहे. मराठीत 'दातवण' हा शब्द मुख्यतः पुडीला लावला जाऊ लागला. विशेषतः स्त्रिया शोभेसाठी दात काळे करण्यास जी पूड लावीत, ती दातवण. म्हणजे साधनाचे नाव पदार्थाकडे गेले. निंबाची वा बाभळीची काडी खेड्यांतून वापरात राहिली, परंतु तिला 'काडी' यापलीकडे स्वतःचे असे नाव उरले नाही.

'कूर्चक' शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. 'कूर्च' म्हणजे केसांचा किंवा तंतूंचा झुबका. त्यापासून मराठीत 'कुंचा' आणि 'कुंचला' हे शब्द आले. ते आज रंगाऱ्याच्या व चित्रकाराच्या हाती आहेत. ज्या शब्दाने एके काळी दात घासण्याच्या मऊ टोकाचा बोध होत असे, तो भाषेत जिवंत असताही दातांपासून दुरावला. पुढे हे साधन नव्या रूपात आले, तेव्हा त्यासाठी 'ब्रश' हा इंग्रजी शब्द घ्यावा लागला.

उरले क्रियापद. सुश्रुताने वापरलेल्या 'घृष्' धातूपासूनच आपले 'घासणे' आले आहे. म्हणजे क्रियापद टिकले. 'मृदू साधनाने' आणि 'हिरडीला न दुखवता' ही त्याची दोन विशेषणे मात्र गळाली. घरोघर गोवऱ्यांच्या राखेची राखुंडी होती आणि भांडीही राखेनेच घासली जात. दात व भांडी या दोहोंना एकच क्रियापद आणि जवळपास एकच पदार्थ लागू झाल्यावर जोर म्हणजेच स्वच्छता, ही समजूत दृढ होणे स्वाभाविक होते. साधन म्हणून बोट पुरेसे वाटू लागले.

४

साधन मागे पडून पदार्थ पुढे आला, याचा सर्वांत घातक परिणाम मिश्रीच्या रूपाने दिसतो. मिश्री, मिसरी, मशेरी अशा विविध रूपांनी ओळखला जाणारा हा पदार्थ म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. हिंदी-उर्दूतील 'मिस्सी' या दात काळे करण्याच्या पुडीशी या शब्दाचे नाते दिसते. दातवण आणि मिश्री ही दोन्ही काळी, दोन्ही बोटाने लावायची, आणि दोन्ही विशेषेकरून स्त्रियांच्या वापरातील. एकीची जागा दुसरीने घेतली तर ते कोणाच्या ध्यानातही येऊ नये, इतके हे साम्य आहे. दात घासण्यासाठी म्हणून हाती घेतलेली मिश्री दिवसातून अनेकदा लावण्याचे व्यसन होते. धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक आहे, हे आता निर्विवाद आहे. १९९२ साली भारत सरकारने दंतमंजनांत व पेस्टांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत असा कायदा कसा पोहोचणार?

ब्रशाचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. डुकराच्या राठ केसांचा ब्रश चीनमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात होता. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस याने १७८० च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू केले. अशा केसांचा ब्रश तोंडात घालणे येथील हिंदूंना व मुसलमानांना रुचणे कठीण होते. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश निघाला आणि ती अडचण दूर झाली. १९४८ साली चार्ल्स बास या अमेरिकन वैद्याने सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीच्या, टोके गोलसर केलेल्या मऊ तंतूंचा पुरस्कार केला. हिरडी आणि दात यांच्या सांध्याशी ब्रश तिरपा धरून हलक्या हाताने हलवावा, ही पद्धतही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आपल्या बाजारपेठेची भाषा मात्र पदार्थाचीच राहिली. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत 'विको'ची स्थापना केली. त्यांच्या 'वज्रदंती'ची प्रसिद्धी वनौषधींच्या बळावर झाली. पदार्थाची परंपरा अशा रीतीने नव्या व्यापारात टिकली. कूर्चकाच्या मृदुतेची परंपरा मात्र कोणी पुढे चालविली नाही.

५

शब्द हरवला म्हणून आचार हरवला, असा कार्यकारणभाव येथे सुचवावयाचा नाही. शब्द हा आचाराचा साक्षीदार असतो, कर्ता क्वचितच. परंतु साक्ष स्पष्ट आहे. काडीचे नाव पुडीला मिळाले, कूर्चक चित्रकाराकडे गेला आणि दातांच्या वाट्याला नुसते घासणे उरले. कडक ब्रशाने जोरात घासल्यास हिरड्या मागे सरतात आणि दातांच्या मुळाशी खाचा पडतात, असे दंतवैद्य बजावतात. दुकानात "चांगला घासणारा" ब्रश मागणाऱ्या गिऱ्हाइकास याची कल्पना नसते.

आजचे दंतवैद्यक जे सांगते ते सुश्रुताच्या तत्त्वापासून फार दूर नाही. ब्रश मऊ तंतूंचा असावा आणि त्याचे डोके शेवटच्या दाढेमागे फिरेल इतके लहान असावे. मुलांसाठी ते आणखी लहान हवे. वार्धक्याने किंवा संधिवाताने पकड कमी झाली असल्यास मूठ जाड हवी, अथवा विजेवर चालणारा ब्रश घ्यावा. दातांत फटी असल्यास त्यांसाठी निराळा बारीक ब्रश लागतो. हिरड्यांतून रक्त येत असल्यास स्वतः निवड करण्यापूर्वी दंतवैद्यास विचारावे. तंतू वाकले की, अथवा सुमारे तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. काडीचा एक गुण येथे आठवतो: ती रोज नवी असे.

फ्लोराइडयुक्त पेस्टचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. प्राचीनांनीही चूर्ण वर्ज्य मानले नव्हते. सांगावयाचे एवढेच, की ज्या साधनाची निवड आपल्या पूर्वजांनी माणसामाणसाचे तोंड पाहून करावयास सांगितली, ते आपण न पाहता उचलतो. 'ब्रश' हा शब्द आता मराठीत रुळला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. पण 'घासणे' या क्रियापदामागे एके काळी असलेला 'मृदू' हा शब्द परत जोडता आला, तर खडकवासल्याच्या दुकानातील ती मागणीही बदलेल.