डफ, ढोलकी आणि लाल बावटा

डफ हें वाद्य दिसावयास अगदीं साधें. एक गोल कडें, त्यावर ताणून बसविलेलें कातडें आणि तें वाजविणारा हात. याहून अधिक कांहीं नाहीं. हवा दमट झाली कीं कातडें सैल पडतें. मग जाळावर धरून तें तापवावयाचें, कीं पुन्हां आवाज खणखणीत! सोलापूरहून विजापूरच्या वाटेस लागलें म्हणजे मंद्रूपसारखीं गांवें लागतात. तेथें मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच ओट्यावर नांदतात. पण चावडीपुढें डफावर थाप पडली कीं भाषेचा प्रश्न उरत नाहीं. माणसें हातांतलें काम टाकून गोळा होतात.

या डफाची परंपरा जुनी आहे. १६५९ सालच्या अफझलखानवधावर अज्ञानदासानें रचलेला पोवाडा प्रसिद्धच आहे. पेशवाईच्या उतरत्या काळांत सोलापूरच्या रामजोशानें पुराणिकाच्या घरांत जन्म घेऊन तमाशाच्या फडाची वाट धरली. १८६९ सालीं जोतीराव फुले यांनीं शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचला. पुढें सत्यशोधकांचे जलसे निघाले, त्यामागून आंबेडकरी जलसे निघाले. म्हणजे डफानें राजाची कीर्ति गाइली, शृंगार गाइला आणि सुधारणेचा निरोपहि घरोघर पोंचविला. विसाव्या शतकाच्या मध्यास याच डफानें आणखी एक वळण घेतलें. त्या वळणाचें नांव ‘लाल बावटा कलापथक’.

पाश्चात्त्य देशांत १९६० च्या सुमारास विजेवर वाजणाऱ्या गिटारी घेऊन चारपांच तरुणांनीं एकत्र यावें, आपलीं गाणीं आपणच रचावीं, आपणच गावीं, अशी प्रथा पडली. अशा मंडळींस ‘रॉक बँड’ म्हणतात. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं १९६० सालीं निघालेली ‘बीटल्स’ ही मंडळी दहा वर्षें जगभर गाजली आणि १९७० सालीं फुटली. तिच्यामागून, रूढ रॉक संगीतहि नाकारून आडवाटेनें जाणाऱ्या आणि प्रयोगावरच भर देणाऱ्या कितीतरी मंडळ्या तिकडे निघाल्या. अशा मंडळींचा जीवनक्रम बहुधा ठरलेला असतो. दोघांतिघांची गांठ पडते, जुन्या सांच्याला धक्का बसतो, तरुण मंडळी वेडावतात, सरकार आणि शिष्टजन नाकें मुरडतात. मग मतभेद, फाटाफूट, आणि शेवटीं आठवण. महाराष्ट्रांतील एका मंडळीनें हा सारा प्रवास बीटल्सच्या आधीं पंधरासोळा वर्षें आरंभला होता. तिच्यापाशीं ना गिटार होती, ना वीज होती.

या मंडळींतला पहिला गडी सोलापूर जिल्ह्याचा. २० ऑक्टोबर १९१६ रोजीं बार्शी येथें एका गरीब मुसलमान कुटुंबांत महबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. त्याच्या आई मुनेरबी यांच्या ओंठीं ओव्या आणि लोकगीतें सदैव असत. मुलाच्या कानावर पडलेलें पहिलें संगीत तेंच. शाळेचें सुख फार दिवस लाभलें नाहीं. मुलगा गिरणींत कामाला लागला. तो काळच तापलेला होता. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. बार्शीचा हा मुलगा तेव्हां अवघा चौदा वर्षांचा होता. पुढें गिरणींतील संपांत पुढाकार घेतल्याबद्दल त्याला विसापूरच्या तुरुंगांत जावें लागलें. तेथेंच साम्यवादी विचारांशीं त्याची ओळख झाली. मग कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेंत असतांना महबूब पटेलचा ‘अमर शेख’ झाला. नांव बदललें, पण आवाज बार्शीचाच राहिला: पहाडी, मोकळा, ध्वनिवर्धकाची वाट न पाहणारा.

दुसरा गडी वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचा. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ साठे, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, मांग समाजांतला. गांवच्या शाळेची पायरी त्यांनीं चढली ती नांवापुरतीच. लहानपणीं आईबापांबरोबर वाटेगांवाहून मुंबईपर्यंतची वाट त्यांनीं पायीं तुडविली. मुंबईंत मिळेल तें काम केलें, गिरणींत राबले, आणि दुकानांच्या पाट्या व भिंतींवरचीं पत्रकें वाचीत वाचीत अक्षरओळख पक्की केली. घरच्या आप्तांचा तमाशाचा फड होता. त्यामुळें ढोलकीचा ताल आणि वगाची उलटसुलट बोली त्यांना कोणी शिकवावी लागली नाहीं. तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर, तेहि याच विचारांचे आणि याच बाण्याचे. या तिघांनीं मिळून १९४४ सालीं ‘लाल बावटा कलापथक’ उभें केलें. मुंबईंतच २५ मे १९४३ रोजीं भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे ‘इप्टा’ची, स्थापना झाली होती, एकाच वाऱ्यानें हालणारीं हीं दोन पानें होतीं.

या मंडळींनीं प्रयोग केला तो कोणता? तमाशाची जुनी बांधणी सर्वांस ठाऊक आहे. आधीं गण, त्यांत गणपतीचें स्तवन. मग गवळण, तींत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची थट्टा. त्यानंतर बतावणी आणि शेवटीं वग. अण्णा भाऊंनीं यांतला गण ठेविला, पण त्यांत वंदन केलें तें मायभूमीला आणि तिच्यासाठीं झिजलेल्या माणसांना. गवळण काढून टाकली. शृंगाराची उठवळ लावणी आणि नाचीची अदाकारी यांनाहि रजा दिली. ढोलकी, डफ, तुणतुणें, झीलकऱ्यांची साथ आणि सोंगाड्याची वक्रोक्ति मात्र जशीच्या तशी राहूं दिली. वगांत राजा-प्रधानांच्या जागीं सावकार, काळाबाजारवाला, कामगार आणि कुळें आलीं. १९४५ सालचें ‘अकलेची गोष्ट’, त्यामागून आलेलीं ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचें इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ हीं नांवें नुसतीं वाचलीं तरी त्यांचा रोख कळून येतो.

हा बदल वरवर दिसतो तितका सोपा नव्हता. प्रेक्षक तमाशाला येतो तो रंजनासाठीं. लावणी आणि गवळण काढून घेतल्यावर त्याला फडांत बसवून ठेवावयाचें कशाच्या बळावर? अण्णा भाऊंनीं उत्तर दिलें तें हास्यानें, आणि अमर शेखांनीं तें आवाजानें दिलें. ज्याला दिवसभर मुकादमाचें ऐकून घ्यावें लागतें त्याला रात्रीं मुकादमाची फजिती पाहतांना लावणीची आठवण होत नाहीं, हें या मंडळींनीं ओळखलें. परळ-लालबागच्या चाळींतून, गिरणीच्या दारांशीं, शेतकऱ्यांच्या परिषदांतून त्यांचे कार्यक्रम होत. तिकिट नाहीं, पडदा नाहीं. पुढें सतरंजी आणि वर आकाश!

पथक स्थापन होण्यापूर्वींच अण्णा भाऊंनीं १९४३ सालीं ‘स्तालिनग्राडचा पोवाडा’ रचिला होता. वारणेकांठच्या एका अल्पशिक्षित तरुणानें व्होल्गाकांठच्या लढाईवर पोवाडा करावा, ही गोष्टच अपूर्व. त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळ पडून लाखों माणसें अन्नावांचून मेलीं; त्या दुःखावरहि त्यांनीं पोवाडा केला, आणि दूरच्या बंगाली शेतकऱ्याची भूक मुंबईच्या गिरणगांवांत पोंचली.

परंतु इतिहास लिहितांना एकच बाजू सांगून चालत नाहीं. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळींत देश पेटला असतां साम्यवादी पक्ष त्या लढ्यापासून अलग राहिला. रशिया युद्धांत असल्यामुळें त्यानें त्या युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटलें, आणि त्याच वर्षीं सरकारनें पक्षावरील बंदी उठविली. पुष्कळ देशभक्तांच्या मनांत हा सल कायम राहिला, आणि लाल बावट्याच्या शाहिरांकडे पाहणाऱ्या दृष्टींतहि तो उतरला. पक्षाची बांधिलकी कलावंताला बळ देते, श्रोते देते, विषय देते. पण पक्ष चुकला कीं त्याचा डागहि कलावंताच्या डफावर पडतो. या तिघांच्या आयुष्यांतली खरी कसोटी हीच होती.

दुसरी कसोटी स्वातंत्र्यानंतर आली. १९४८ सालीं साम्यवादी पक्षाविरुद्ध देशभर धरपकड सुरू झाली. मुंबई राज्याच्या सरकारनें, मोरारजी देसाई गृहमंत्री असतांना, लाल बावट्याच्या तमाशांवर बंदी घातली. इंग्रजांनीं १८७६ सालीं केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा स्वतंत्र हिंदुस्थानांतहि जिवंतच होता. मग अण्णा भाऊंनीं एक युक्ति योजिली: ‘तमाशा’ हें नांव सोडून त्याच प्रकाराला ‘लोकनाट्य’ म्हटलें. नांव सरकारला चुकविण्यासाठीं घेतलें असेल, पण तें मराठी रंगभूमीवर कायमचें रुजलें. ज्या सुशिक्षित कुटुंबांना तमाशाला जाणें लाजिरवाणें वाटे, तींच कुटुंबें पुढें पुणें-मुंबईच्या नाट्यगृहांत मोठ्या आवडीनें लोकनाट्यें पाहूं लागलीं. बंदीनें मारावयास काढलेलें रोप असें माडीवर जाऊन वाढलें.

या शाहिरांचा खरा सुवर्णकाळ आला तो संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनांत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला; १९५६ च्या जानेवारींत पुन्हां रक्त सांडलें. त्या लढ्यांत शंभराहून अधिक माणसें बळी पडलीं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली, आणि समितीच्या सभा म्हणजे आधीं शाहीर व मग वक्ते असा क्रम पडला. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळांतली. मुंबईस पोटासाठीं गेलेल्या गड्याचा घरच्या मैनेशीं झालेला विरह, आणि महाराष्ट्राची मुंबईपासून व सीमाभागापासून झालेली ताटातूट, हीं दोन दुःखें त्यांनीं एका गांठींत बांधलीं. पूर्वीं ज्या लावणीला रजा दिली होती तिचाच शृंगार येथें राजकारणाच्या कामाला आला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. पण बेळगांव-कारवार बाहेरच राहिले, आणि छक्कडीतली मैना अर्धीच घरीं आली.

एव्हांना तिघांच्या वाटा वेगळ्या होत चालल्या होत्या. अण्णा भाऊ डफाकडून लेखणीकडे वळले. १९५८ च्या मार्चमध्यें मुंबईंत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचें उद्घाटन त्यांनीं केलें. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ सालीं निघाली आणि १९६१ सालीं तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं ते रशियास जाऊन आले. ज्या भूमीचा पोवाडा न पाहतां रचिला होता ती भूमि अखेर डोळ्यांनीं पाहिली. अमर शेखांनीं आपला डफ खालीं ठेविला नाहीं. गोवामुक्तीच्या लढ्यांत ते गाइले. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह निघाले. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत त्यांनीं भूमिका केली. १९६२ सालीं चीननें आक्रमण केलें तेव्हां साम्यवादी पक्षांत वाद माजला आणि १९६४ सालीं पक्ष दुभंगला. अमर शेखांना मात्र या प्रश्नाचा निकाल लावण्यास वेळ लागला नाहीं; ते हिमालयाच्या रक्षणाचीं गाणीं गात गांवोगांव हिंडले. १९४२ च्या कसोटीला हें एका शाहिरानें वीस वर्षांनीं दिलेलें उत्तर होतें, असें म्हटल्यास तें चुकीचें होणार नाहीं.

१९६९ सालचा पावसाळा महाराष्ट्राच्या वाणीला फार कठीण गेला. १३ जून रोजीं समितीच्या सभा गाजविणारे आचार्य अत्रे गेले. १८ जुलै रोजीं अण्णा भाऊ साठे यांनीं देह ठेविला. वय अवघें अठ्ठेचाळीस. त्यांचे अखेरचे दिवस दारिद्र्यांत आणि एकलेपणांत गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनीं, २९ ऑगस्ट रोजीं, इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातांत अमर शेख यांचा अंत झाला. इंदापूरचा रस्ता म्हणजे पुण्याहून सोलापूरला येणारा रस्ता. बार्शीच्या या मुलाला मरण आलें तें आपल्या जिल्ह्याच्या वाटेवरच.

आज मुंबई विद्यापीठांत शाहीर अमर शेख यांच्या नांवाचें अध्यासन आहे, आणि २०२२ सालीं मॉस्को शहरांत अण्णा भाऊंचा पुतळा उभा राहिला. ज्या सोविएत राज्याचे त्यांनीं गोडवे गाइले तें राज्य १९९१ सालींच विलयास गेलें होतें. ज्या गिरण्यांच्या दारांशीं डफ घुमला त्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या. आश्रय गेला, शत्रु बदलला, झेंड्याचा रंगहि फिका झाला. परंतु कामकऱ्याच्या दुःखावर त्याच्याच बोलींत, त्यालाच हसवीत गाणें करतां येतें, हें या मंडळींनीं एकदां दाखवून दिलें तें पुसलें गेलें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत कोठेंहि डफ तापवून शाहीर उभा राहिला आणि देवाच्या आधीं मातीला वंदन करूं लागला, म्हणजे बार्शीचा आणि वाटेगांवचा तो जुना जोड अजून पथकांत उभा आहे असें समजावें.