मृग, बंदूक आणि दोन कागद

जून उजाडला की जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या निमगाव सावाच्या शिवारात एकच चौकशी सुरू होते: मृग लागला का? पेरणी, बियाणं, उसनवारी, सगळं त्या एका शब्दावर अडलेलं असतं. हा शब्द मुळात शिकारीतला. आभाळातल्या मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला आहे आणि तो सोडणारा व्याध त्याच्या मागावर आहे. संस्कृतात मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. म्हणून तर सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. पुढे अर्थ आक्रसत हरणापुरता उरला. इंग्रजीतल्या 'डियर'चंही तेच झालं. त्याचा जर्मन भाऊबंद 'टीअर' आजही कुठल्याही प्राण्याला चालतो. शिकार म्हटली की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी हरीणच उभं राहत असणार. त्याशिवाय इतक्या लांबच्या दोन भाषांत एकच गोष्ट घडती ना.

बंदूक मात्र दूरदेशाहून आली. ग्रीकांचा एक 'पोंटसचा', म्हणजे काळ्या समुद्राकाठचा, मेवा होता. अरबीत त्या हेझलनटाचं 'बुंदुक' झालं. मग त्या फळाएवढ्या मातीच्या गोळीला तेच नाव पडलं आणि शेवटी गोळी फेकणाऱ्या हत्याराला. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून आलं, तर परवाना आणि शिकार हे दोन्ही शब्द फारसीतून. घरचे शब्द उरले ते पारध, फास आणि वाघूर.

गावाकडच्या जुन्या माणसांना बंदूक म्हटलं की ठासणीची आठवते. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर चिंधी, ती गजानं ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं. मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार उडाला की पुढचा भरेपर्यंत रानडुकराचा कळप बांध ओलांडून गेलेला असतो. दारू ओली झाली तर नुसतीच टोपी वाजते. अशी ही मंद, धुरकट बंदूक आजही भारताच्या शस्त्र कायद्यात नाव घेऊन बसलेली आहे. तिथे ती कशी पोचली हे पाहायचं तर थेट इंग्लंडच्या राजाच्या रानात जावं लागतं.

1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमनं मोठमोठी रानं राजाची म्हणून राखून ठेवली. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत, असा त्याचा दंडक असल्याचं तिथल्या जुन्या बखरीत नोंदलेलं आहे. 1217 च्या वनसनदेनं हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव घेऊ नये असं ठरवलं. 1389 च्या सुमाराला नवा कायदा झाला: वर्षाला 40 शिलिंगांचं उत्पन्न देणारी जमीन नसेल, तर साध्या माणसानं शिकारी कुत्रा किंवा जाळं बाळगायचं नाही. शिकारीचा हक्क जमिनीला बांधला गेला तो असा. 1784 मध्ये सरकारनं शिकाऱ्यांकडून कर घेऊन प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. परवान्याच्या या सगळ्या पूर्वजांत एक खूण सारखी दिसते. हरीण वाचवण्याची काळजी त्यात फार थोडी. ते कुणी मारायचं, हा खरा प्रश्न.

तोच प्रश्न हिंदुस्थानात आला आणि इथे त्याला 1857 ची धास्ती चिकटली. उठाव शमल्यावर 1860 मध्ये शस्त्रांवर कायदा आला. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत तो आणखी आवळला गेला. देशी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी, आणि नियमांतून युरोपियनांना सूट. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं त्याविरुद्ध ठराव केला. ही पहिल्या कागदाची, हत्याराच्या परवान्याची, कुळी. दुसरा कागद जनावराचा. 1912 च्या कायद्यानं हरणं, काळविटं, ससे अशा प्राण्यांसाठी शिकारबंदीचा काळ जाहीर करण्याची सोय केली. मुंबई राज्यानं 1951 मध्ये वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा आपला कायदा केला. तेव्हापासून बंदुकीचा परवाना वेगळा आणि शिकारीचा वेगळा.

पण ज्यांना बंदूक कधी लागलीच नाही, त्यांचं काय? फासेपारधी माणसाळवलेल्या गाई-बैलाच्या आडून हरणांच्या जवळ सरकत, तातीचे फास जमिनीत रोवून कळप त्यावर हाकीत. पाऊल कुठे पडेल हे त्यांना हरणाइतकंच ठाऊक. याच काळात कोल्हापूरच्या दरबारी शिकारीत पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जात आणि त्यांना सांभाळणाऱ्या चित्तेवानांना मान होता. पारध्यांच्या वाट्याला 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, जो 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. हजेरी, पाळत, जन्मापासून शिक्का. एकाच रानात एकाच हरणामागे जाणारे दोघे, एकाचा छंद कायदेशीर आणि दुसऱ्याचं पोट गुन्हा. कायदा 1952 मध्ये रद्द झाला तरी तो शिक्का अजून पुरता पुसलेला नाही, आणि परवान्याच्या इतिहासातली ही जखम सर्वांत खोल आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, असं आपण सहज बोलून जातो. मूळ कायद्यात मात्र शिकारीचे परवाने होते: खास शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार, शिवाय प्राणी पकडण्याचा वेगळा. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणून वर्ज्य. चितळ आणि सांबर 'मोठ्या शिकारी'त, ससा 'छोट्या'त. हे परवाने कायद्यातून गेले ते 1991 च्या दुरुस्तीनं. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाच्या जन्मावेळी हरणाच्या शिकारीचा परवाना कायद्याच्या पुस्तकात जिवंत होता.

भारताबाहेर तो अजून जिवंत आहे, पण त्याचा स्वभाव पालटला. इंग्लंड-वेल्समध्ये जुनं शिकारी प्रमाणपत्र 2007 मध्ये रद्द झालं. उरली ती हत्याराची अट. 1991 च्या हरीण कायद्याप्रमाणे रायफलीचा व्यास किमान 0.240 इंच, गोळीचा जोर नळीच्या तोंडाशी किमान 1,700 फूट-पौंड, आणि गोळी अंगात शिरल्यावर फुलणारी. छोट्या मुंटजॅकसाठी, म्हणजे आपल्या भेकराच्या भाऊबंदासाठी, अट थोडी सैल. जर्मनीत आधी शिकाऱ्याची परीक्षा द्यावी लागते. तिथे रो जातीचं लहान हरीण सोडून बाकी खुरवाल्या शिकारीसाठी किमान 6.5 मिलिमीटर व्यास आणि 100 मीटरवर 2,000 जूल जोर लागतो. आकडे रूक्ष वाटतात, पण त्यांच्यामागे दया आहे. जनावर जखमी होऊन रात्रभर झाडीत तडफडू नये, एका गोळीत संपावं.

आता भारताचा 1959 चा शस्त्र कायदा पाहावा. पिकाच्या राखणीसाठी त्याचं 13 वं कलम शेतकऱ्याला देऊ करतं ते ठासणीचं हत्यार. ते पुरेसं नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी बंदूक, तीही आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची आणि वीस इंचांहून आखूड नसलेली. लांबवर अचूक मारा करणारी रायफल इथे बसत नाही. इंग्लंडच्या आजच्या अटी हरणाकडे पाहून लिहिल्या आहेत, आपल्या अटी बंदूक धरणाऱ्याकडे पाहून. 1857 ची धास्ती शंभर वर्षांनीही कागदात शिल्लक राहिली, असं वाटल्यावाचून राहत नाही.

आणि बंदूक मिळाली तरी तिच्यासोबत जनावर मिळत नाही. रानडुकरानं उभं पीक नासवलं तरी त्याला मारायला मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. भीमाशंकरसारखं अभयारण्य दहा किलोमीटरच्या आत असेल तर बंदुकीचीही वेगळी नोंद करावी लागते. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीतला. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानं जुन्नरमध्ये ऊस वाढला, उसात बिबट्यांची वीण होऊ लागली, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभं राहिलं. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत, पण परवानगीवाचून त्याच्या मागे जायची मुभा कुणालाच नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या हाती असते ती बॅटरी आणि काठी.

परवान्याची बंदूक ज्या घरात आहे, तिथे ती बहुधा माळ्यावर किंवा कपाटात गुंडाळून ठेवलेली असते. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं जमा करण्याची नोटीस येते. मालक ती पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात नेतो, नळीवरचा क्रमांक वहीत उतरवून घेतात, आणि तो पावती घेऊन परततो. आचारसंहिता उठेपर्यंत घरात ती पावतीच असते, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवलेली.