सातबारा मातीच्या नावावर, मेहनत स्मिताची

धुळ्या-जळगावकडे स्मिता पाटीलचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "शेवटी मातीतली पोर, म्हणून गावाकडची बाई तिला अशी जमली." स्मृतिदिनाच्या लेखांत तेच जरा नटूनथटून येतं. सावळा रंग, बोलके डोळे, खानदेशी रक्त, उपजत अभिनय. हे सगळं कौतुकानंच म्हटलं जातं, त्यामुळे ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. मला मात्र या कौतुकात एक अन्याय दिसतो. एका बाईनं दहा-बारा वर्षं राबून उभं केलेलं काम आपण काळ्या मातीच्या सातबाऱ्यावर चढवतो आणि मोकळे होतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. स्वातंत्र्यसैनिक, मंत्री, सहकारातलं मोठं नाव, २०१३ साली पद्मभूषण. म्हणजे खानदेशी मूळ निर्विवाद. स्मितानं अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलं नाही, हेही खरं. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दिल्लीच्या नाट्य विद्यालयातून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले, शबाना आझमीही त्याच इन्स्टिट्यूटच्या. स्मिता यांपैकी कुठल्याच वर्गात बसली नाही. आणि लोकांच्या मनात राहिल्या त्या 'मंथन'मधली बिंदू, 'जैत रे जैत'मधली चिंधी, 'मिर्च मसाला'तली सोनबाई. तिघीही खेड्यातल्या, रानातल्या. शिकली कुठेच नाही आणि शोभली खेड्यात, तेव्हा ते रक्तातूनच आलं असणार, असा हा युक्तिवाद.

आता एकेक दुवा ओढून पाहू. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. शाळाही पुण्यातच झाली. पुढे वडिलांच्या राजकारणामुळे कुटुंब मुंबईला आलं. बिंदू गुजरातेतली दूध घालणारी दलित बाई. सोनबाईही गुजरातेतलीच. चिंधी सह्याद्रीतल्या ठाकरांची. शिरपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे, तिथे पावरा आणि भिल्ल राहतात. मातीच शिकवत असेल तर तिनं पावरा बाईची चाल शिकवायला हवी होती. ठाकरांची तिला कुठून माहीत? 'चक्र'मधली अम्मा तर मुंबईच्या झोपडपट्टीतली, आणि अरविंदन यांच्या मल्याळम 'चिदंबरम'मधली शिवकामी म्हणजे केरळच्या डोंगरातल्या गुरांच्या फार्मवर लग्न होऊन आलेली तमिळ नवरी. तापीच्या पाण्यात एवढं सगळं असतं तर प्रत्येक पाणवठ्यावर एकेक अभिनेत्री निघाली असती.

खरी अडचण 'भूमिका'ची आहे, आणि मातीवाले नेमका तोच सिनेमा टाळतात. १९७७ चा हा श्याम बेनेगलांचा चित्रपट हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला. उषा ही नटी. घरची चूल तिच्या कमाईवर पेटते, आणि नवरा, सहनट, दिग्दर्शक, जमीनदार अशा पुरुषांच्या घरांतून ती फिरते. स्मिता तेव्हा विशीत नुकतीच शिरलेली. तिला एकाच वेळी दोन कामं करायची होती. स्टुडिओत उषा जुन्या बोलपटांच्या पद्धतीनं नाचते, तिथे त्या काळचे ठसठशीत हावभाव हवेत. दृश्य संपलं की तीच उषा थकून घरी येते, आणि तिथे तोच चेहरा पूर्ण उतरलेला हवा. शिवाय उषा नटी म्हणून कॅमेऱ्यासमोर खोटं करते ते प्रेक्षकाला खोटं कळलं पाहिजे, पण ती भूमिका करणारी स्मिता खोटी वाटता कामा नये. हा तोल उपजत नसतो. जुन्या नटींच्या लकबी पाहून, निवडून, मोजून वापराव्या लागतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या मोजमापाला. इथे सावळा रंग काय कामाचा? त्या रंगाचा आणि खेड्याचा संबंध जोडणं ही तर आपल्या समाजाची जुनी खोड. गोरी नटी खेडवळ दिसली की तिचा अभिनय, सावळी दिसली की तिचा जन्म!

आता राहिला शिक्षणाचा मुद्दा. वर्गात न बसणं आणि न शिकणं यांत फरक आहे. लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा संस्कार झाला. १९७४ साली अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या पदविका-चित्रपटात तिनं काम केलं, म्हणजे इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी नसली तरी विद्यार्थ्यांच्या कॅमेऱ्यासमोर ती उभी राहिलीच. आणि मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या. बातम्या वाचताना हात हलवायचा नाही, भुवई उडवायची नाही, आवाज एका पट्टीत आणि नजर भिंगाकडे. थोडक्यात बोलणारा चेहरा तिथे घडला. जीन्सवरच साडी गुंडाळून ती वाचायला बसे, ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला त्यात कारागिरी दिसते. चौकटीत काय येतं आणि काय येत नाही, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांच्यामुळे ती बेनेगलांपर्यंत पोचली. त्यांनी तिला 'चरणदास चोर'मध्ये हबीब तन्वीरांच्या छत्तीसगढी लोकनटांसोबत राजकन्या म्हणून उभं केलं. आयुष्यभर रंगमंचावर घासलेल्या मंडळींसमोर पहिलं मोठं काम! याला शाळा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

कुणी म्हणेल, खेड्याबाहेर ती कुठे शोभली, 'नमक हलाल'च पाहा. तो आला १९८२ साली. त्याच वर्षी 'शक्ती', 'बाजार', 'अर्थ' आणि आपला 'उंबरठा'. यादीच उत्तर देते. 'अर्थ'मधली कविता मनानं कोलमडलेली शहरी नटी, 'उंबरठा'तली सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक. दोघींत खेड्याचा मागमूस नाही.

खानदेशानं तिला काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. दिलं असेल तर ते शेतातून नाही, घरातून. वडील सार्वजनिक कामात, आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. सुलभा विश्वस्तांपुढे आवाज न चढवता ठाम उभी राहते, त्यामागे असं घर असावं, हा माझा तर्क.

हे एकट्या स्मिताचं नाही. बहिणाबाईंचं नाव निघालं की आपण आधी त्यांचं निरक्षर असणं सांगतो, ओवीच्या परंपरेत मुरलेला त्यांचा कान नंतर. बालगंधर्वांचा गळा देवाचा म्हणतो, आणि त्याच गळ्यानं जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे तालीम घेतली हे विसरतो. कष्ट कबूल केले की कौतुक कमी होतं, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ ला गेली, एकतिसाव्या वर्षी. येत्या डिसेंबरात धुळ्यात किंवा जळगावात कुणी तिचा कार्यक्रम ठेवणार असेल तर एक विनंती आहे: पडद्यावर 'भूमिका' लावा, आणि निवेदकाला 'मातीतली पोर' हे शब्द तेवढे गाळायला सांगा.