पिकअपला ऑल-टेरेन टायर बसवण्याआधी काय बघायचं? वजन, माती आणि घाट यांचा हिशोब

बेळगावहून जांबोटी, चोर्लामार्गे साखळीला भाजी नेणारी पिकअप, रामनगरहून अनमोड घाट उतरून मोलेला जाणारी, चंदगडहून तिलारी घाटानं दोडामार्गला काजू घेऊन जाणारी. या सगळ्या गाड्यांना एकाच फेरीत डांबरी रस्ता, खड्डे, पाणंद आणि घाटातला पाऊस असं सगळं लागतं. त्यामुळं टायर बदलायची वेळ आली की ‘ऑल-टेरेन घालू काय?’ हा प्रश्न येतोच. टायर दिसायला दणकट असतो, शेजारच्यानं घातलेला असतो आणि दुकानदारही तोच पुढं करतो.

उत्तर सोपं आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. माल वाहणाऱ्या गाडीसाठी आधी टायर किती वजन पेलतो ते बघायचं, मग ओल्या डांबरावर तो गाडी कशी थांबवतो ते, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. बरेच जण हे उलट्या क्रमानं करतात.

तीन प्रकार, तीन स्वभाव

एच/टी म्हणजे हायवे-टेरेन. नक्षी बारीक, आवाज कमी, डिझेल कमी लागतं. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना हाच किंवा याच्या जवळचा टायर असतो.

एम/टी म्हणजे मड-टेरेन, आपल्याकडं ज्याला लोक ‘बटन टायर’ म्हणतात. मोठे ठोकळे आणि मध्ये रुंद फटी. चिखलात चांगला, पण डांबरावर घूं घूं आवाज करतो, लवकर झिजतो आणि पावसात ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो.

ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, या दोघांच्या मधला. ठोकळे एच/टीपेक्षा मोठे, खोली थोडी जास्त, आणि चांगल्या टायरच्या बाजूही जाड. खडी, मुरूम, जांभ्या दगडाचे तुकडे यात तो कमी फाटतो. बदल्यात थोडा आवाज, थोडं जास्त डिझेल आणि जास्त किंमत द्यावी लागते.

ढोबळ अंदाज असा: तुमच्या फेऱ्यांतला तिसरा हिस्सा तरी कच्च्या रस्त्यावर, चिरेखाणीत किंवा शेताच्या बांधापर्यंत जात असेल तर ए/टी परवडतो. नव्वद टक्के डांबर आणि फक्त शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा असेल, तर चांगला एच/टी घ्या. उरलेले पैसे अलाइनमेंटला आणि वेळेवर टायर बदलायला ठेवा.

टायरच्या बाजूवरचे आकडे

समजा टायरवर ‘२४५/७० आर १६ १११ एस’ असं लिहिलंय. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. १११ हा लोड इंडेक्स आणि एस ही वेगमर्यादा, ताशी १८० किलोमीटर.

यातला लोड इंडेक्स सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा. तो किलो नाही, तो तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२० किलो.

आता हिशोब करा. भरलेल्या गाडीच्या मागच्या आसावर १८०० किलो येत असतील, तर एका चाकावर ९०० किलो आले. १०४ चा टायर तिथं काठावर बसतो. खड्ड्यात आपटलं, वळणावर वजन एका बाजूला गेलं, की काहीच शिल्लक राहत नाही. तिथं किमान १०८ हवा. कंपनीनं दिलेल्या टायरचा जो इंडेक्स आहे त्याच्या खाली कधीच उतरू नये, नक्षी कितीही भारी असली तरी.

खरी गफलत इथं होते

बाजारातले बरेच ए/टी टायर एसयूव्हीसाठी बनवलेले असतात. त्यांची नक्षी रांगडी, पण आतली बांधणी कारच्या टायरची. घरातली पाच-सहा माणसं आणि सामान एवढं वजन त्यांना चालतं. तोच टायर टनभर कांदा भरलेल्या पिकअपला बसवला की बाजू दबते, वारंवार वाकते आणि तापते. उन्हाळ्यात लांबच्या फेरीत टायर फुटतो तो बहुतेक वेळा असाच: कमी हवा, जास्त वजन आणि उष्णता एकत्र आल्यावर.

माल वाहणाऱ्या गाडीला मापाच्या मागं-पुढं ‘एलटी’ किंवा ‘सी’ लिहिलेला, अथवा ‘८ पीआर’, ‘१० पीआर’ असा प्लाय रेटिंग असलेला टायर लागतो. एकाच नावाचा ए/टी टायर एका मापात कारच्या बांधणीचा आणि दुसऱ्या मापात एलटी बांधणीचा मिळू शकतो. म्हणून नुसतं कंपनीचं नाव सांगून टायर मागू नका, बाजूवरचं वाचून घ्या.

आणखी एक बाब. एलटी टायर जास्त हवेवर आपलं पूर्ण वजन पेलतो. कारच्या टायरला जेवढी हवा होती तेवढीच एलटीला ठेवली, तर तो उलट कमी वजन पेलतो. टायर बदलल्यावर हवेचा आकडाही दुकानातून विचारून घ्या. हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघायच्या आधी तपासा. घाट उतरून आल्यावर तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, ती कमी करू नका.

आपली माती

खानापूर, चंदगड, आंबोली आणि खाली गोव्यापर्यंत तांबडी, जांभ्याची माती. पावसात ती घसरते, पण खडीमिश्रित असल्यामुळं टायरच्या फटीतून निघूनही जाते. इथं ए/टीचा खरा उपयोग होतो. जांभ्याचे धारदार तुकडे टायरची बाजू कापतात, त्यामुळं जाड बाजूही कामाला येते.

बैलहोंगल, अथणीकडं काळी माती. माळव्यात इंदूरच्या आसपास शेती करणाऱ्या वाचकांनाही ती ओळखीची आहे. ओली काळी माती ए/टीच्या फटीत दोन-चार फेऱ्यांतच घट्ट बसते आणि टायर गोटा असल्यासारखा फिरू लागतो. एम/टीच्या रुंद फटी थोड्या जास्त वेळ मोकळ्या राहतात, एवढंच. काळ्या रानात पावसानंतर गाडी रस्त्यावर थांबवून माल ट्रॅक्टरनं बाहेर काढणं हेच शेवटी स्वस्त पडतं.

हेही लक्षात घ्या की माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअपची फक्त मागची चाकं ओढतात. रिकामी गाडी ओल्या चढावर घसरते, कारण मागं वजन नसतं. ए/टीनं थोडा फरक पडतो, पण त्यानं गाडी फोर-बाय-फोर होत नाही.

मोठा टायर बसवू का?

२४५/७० आर १६ चा बाहेरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर येतो. २५५/७० आर १६ घेतला तर ७६३, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत वाढ. पण २६५/७५ आर १६ घेतला तर ८०४, म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. मग मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी खरी ८५ च्या पुढं असते. पिकअप चढाला ओढत नाही, ब्रेकवर ताण येतो आणि वळवताना टायर मडगार्डला घासतो.

व्यावसायिक गाडीच्या नोंदणी अर्जात पुढच्या-मागच्या आसावरच्या टायरचं मापही लिहिलेलं असतं. गाडी कर्नाटकची असो, गोव्याची की महाराष्ट्राची, मोटार वाहन कायदा केंद्राचाच आहे आणि कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल कलम ५२ खाली अडचणीत आणतो. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग असतं. मूळ माप ठेवलं तर ही कटकट नाही.

झीज आणि घाट

केंद्रीय नियमानुसार चारचाकीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या फटीत छोटे उंचवटे असतात, झीज तिथपर्यंत आली की टायर संपला. पण चोर्ला, आंबोली, अनमोडच्या पावसाळ्यात एवढं थांबणं धोक्याचं आहे. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की फटीतून पाणी पुरेसं बाहेर जात नाही आणि भरलेली गाडी उतारावर थांबायला जास्त अंतर घेते. घाटाची रोजची फेरी असेल तर टायर मिरगाच्या आधी बदला, दिवाळीची वाट बघू नका.

चारही टायर एकदम जमत नसतील तर नवे दोन मागं बसवा. मागचा टायर पावसात सुटला तर गाडी आडवी होते, ते सावरणं अवघड असतं. एका आसावर दोन वेगळ्या प्रकारचे टायर नकोत. फोर-बाय-फोर गाडीला मात्र चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे लागतात, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. रिमोल्ड टायर पुढं कधीच नको.

दुकानात उभं राहून तपासायचं

• माप आणि लोड इंडेक्स दाराजवळच्या स्टिकरशी जुळतो का? एलटी, सी किंवा प्लाय रेटिंग आहे का?
• आयएसआय चिन्ह आहे का? देशात विकल्या जाणाऱ्या टायरला ते सक्तीचं आहे.
• तयार झाल्याची तारीख. चार आकड्यांत असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर घेऊ नका.
• स्टेपनी त्याच मापाची आहे का? घाटात रात्री पंक्चर झालं की ती आठवते.
• बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. राज्याबाहेर वॉरंटी मागायची वेळ आली तर तोच कागद दाखवावा लागतो.

बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागं, मागचे पुढं करा. ए/टीचे ठोकळे एकसारखे झिजले नाहीत तर आवाज वाढत जातो, आणि महाग टायर वेळेआधीच काढावा लागतो.