जुन्या शर्यतगाडीचें मोल

लंडनच्या उच्च न्यायालयांत १९९० सालीं एक चमत्कारिक वाद उभा राहिला. वादाचा विषय होती एक जुनी मोटार, आणि प्रश्न असा होता कीं, ही मोटार खरोखर तीच मोटार आहे काय? प्रश्न दिसावयास पोरकट दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर एक कोटि पौंडांचा सौदा अवलंबून होता. विकणारा म्हणे, ही तीच; घेणारा म्हणे, ती ही नव्हे. शर्यतीच्या जुन्या गाड्या, शिरस्त्राणें, चषक आणि भित्तिपत्रकें जमविणारे लोक त्यांवर एवढें द्रव्य ओततात तें नक्की कशाकरितां, ह्याचा उलगडा ह्या एका खटल्यावरून जितका होतो, तितका दुसऱ्या गोष्टीवरून क्वचितच होईल.

त्या मोटारीचें नांव 'ओल्ड नंबर वन'. बेंटले कंपनीच्या 'स्पीड सिक्स' ह्या जातीची, साडेसहा लिटर एंजिनाची ती गाडी. फ्रान्समध्यें ल मां येथें १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटारशर्यत सुरू झाली. दिवस आणि रात्र अखंड धांवून जी गाडी सर्वांत अधिक अंतर तोडील ती विजयी. १९२९ सालीं वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन ह्या दोघांनीं ही गाडी आळीपाळीनें हांकून ती शर्यत जिंकली. त्या वर्षीं पहिले चारहि क्रमांक बेंटले गाड्यांनीं पटकाविले. पुढच्याच वर्षीं बार्नाटोनें ग्लेन किड्स्टन ह्याला जोडीस घेऊन त्याच गाडीनें पुन्हां तोच पराक्रम केला. बार्नाटो हा किंबर्लेच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या बापाचा मुलगा; बेंटले कंपनी त्याच्याच पैशावर तग धरून होती. तो ल मांच्या शर्यतींत तीन वेळां उतरला आणि तीनहि वेळां विजयी झाला. परंतु विजयानें कांहीं पोट भरत नाहीं. मंदीच्या लाटेंत १९३१ सालीं कंपनी बुडाली आणि ती रोल्स-रॉइसनें विकत घेतली.

गाडी मात्र उरली. पण जशीच्या तशी नव्हे. शर्यतीची गाडी म्हणजे कांहीं देव्हाऱ्यांतील मूर्ति नव्हे. ती झिजते, मोडते, आणि पुढची शर्यत जिंकावयाची म्हणून तिचे अवयव निःशंकपणें बदलले जातात. इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें १९०७ सालीं काँक्रीटचा एक प्रचंड शर्यतमार्ग बांधण्यांत आला होता. त्याचीं वळणें भिंतीसारखीं उंच उचललेलीं होतीं. तेथील शर्यतींकरितां ह्या गाडींत वारंवार फेरफार झाले आणि १९३२ सालीं तिच्यांत आठ लिटरचें एंजिनहि बसविण्यांत आलें. त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत पांचशें मैलांच्या शर्यतींत क्लाइव्ह डन्फी हा तरुण ती हांकीत असतां गाडी उंच वळणाच्या कडेवरून पलीकडे गेली आणि डन्फी जागच्या जागीं ठार झाला. पुढें त्या मोडक्या गाडीची पुन्हां जुळणी करून तिच्यावर नवा बंदिस्त सांटा चढविण्यांत आला. ज्या गाडीनें दोन विजय पाहिले होते, तिच्याच कपाळीं एक मृत्यूहि लिहिला गेला.

अशा ह्या गाडीचा सौदा एक कोटि पौंडांना ठरला, तेव्हां जुन्या मोटारींचा बाजार कळसास पोहोंचला होता. घेणाऱ्यांनीं नंतर हात आंखडता घेतला. त्यांचें म्हणणें असें कीं, ल मां जिंकणारी गाडी म्हणून जी दाखविली गेली, तिच्यांत त्या वेळचें जवळजवळ कांहींच शिल्लक नाहीं. न्यायमूर्ति ऑटन ह्यांनीं गाडीचा एकेक भाग आणि तिच्या इतिहासाचें एकेक पान तपासलें. घेणाऱ्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. १९२९ सालच्या गाडीचें म्हणून खात्रीनें दाखवितां येईल असें कांहीं उरलेलें नव्हतें. १९३० सालच्या गाडीच्या सांगाड्याचे आणि इतर यंत्राचे थोडे भाग तेवढे होते. तरीहि निकाल विकणाऱ्याच्या बाजूनें लागला. ही गाडी 'मूळची' म्हणतां येणार नाहीं, परंतु ती 'अस्सल' आहे, असा तो निवाडा होता. कारण असें कीं, ती कधींहि भंगारांत निघाली नाहीं, तिच्या जागीं दुसरी गाडी उभी करण्यांत आली नाहीं. एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जातांना तिच्या आयुष्याचा धागा कोठेंहि तुटलेला नव्हता.

हा कूट प्रश्न फार जुना आहे. अथेन्सचे लोक थीसिअस राजाचें जहाज जतन करीत आणि कुजलेली फळी काढून तेथें नवी बसवीत. तेव्हां तें जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, ह्यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत, असें प्लुटार्क लिहून गेला आहे. पण तत्त्वज्ञांचें राहूं द्या. प्रत्येक घरांत ह्याचा अनुभव आहे. आजोबांच्या घड्याळाचा पट्टा बदलला, कांच बदलली, आंतील कमानहि नवी बसली, तरी घरचीं माणसें त्याला आजोबांचेंच घड्याळ म्हणतात. आणि घड्याळजीच्या दुकानांतील तसेंच दुसरें घड्याळ त्यांना फुकट दिलें तरी तें त्याच्या बदल्यांत घेणार नाहींत. किंमत वस्तूची असते, मोल तिच्या संबंधांचें असतें.

संग्राहकांच्या बाजारांत ह्या मोलाला तीन गोष्टी वर चढवितात. पहिली गोष्ट कर्तृत्व. हुआन मान्युएल फँजिओनें १९५४ सालच्या जर्मनी व स्वित्झर्लंड येथील ग्रां प्री शर्यती ज्या मर्सिडीज गाडीनें जिंकल्या, ती २०१३ सालीं इंग्लंडांत लिलावास आली. नवा रंग नाहीं, झिलई नाहीं. काळाचे ओरखडे अंगावर तसेच. तरी ती सुमारें एक कोटि शहाण्णव लक्ष पौंडांना गेली. किंबहुना ते ओरखडे होते म्हणूनच गेली, असेंहि म्हणावयास हरकत नाहीं; कारण तेच तिचे साक्षीदार होते.

दुसरी गोष्ट दुर्मिळता. फेरारीची '२५० जीटीओ' ही गाडी १९६२ ते १९६४ ह्या काळांत अवघी छत्तीस नग तयार झाली. अमेरिकेंत तिची मूळ किंमत सुमारें अठरा हजार डॉलर होती. त्यांपैकीं एक गाडी २०१८ सालीं चार कोटि चौऱ्याऐंशीं लक्ष डॉलरांना विकली गेली. ह्याहून नवल मर्सिडीजच्या 'उलेनहाउट कूपे'चें. १९५५ सालीं ह्या गाडीचे दोनच नग बनले. त्याच वर्षीं जून महिन्यांत ल मां येथें घोर अपघात होऊन ऐंशींहून अधिक लोक मृत्युमुखीं पडले, आणि वर्षाअखेर मर्सिडीजनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. ही गाडी कोणत्याहि शर्यतींत धांवलीच नाहीं. तरी २०२२ सालीं तिच्या एका नगाला साडेतेरा कोटि यूरो आले. तो पैसा तरुणांच्या शिष्यवृत्त्यांकरितां राखून ठेवण्यांत आला.

तिसरी गोष्ट पुरावा. आणि हीच सर्वांत कमी दिसणारी, पण सर्वांत भारी. शर्यतीच्या दिवशीं चार पैशांना विकलेली कार्यक्रमपत्रिका दुसऱ्या दिवशीं केरांत जाते. म्हणून वांचलेली एखादी प्रत पुढें मोलाची ठरते. चालकाचे हातमोजे आणि शिरस्त्राण बाजारांत कितीहि मिळतील. परंतु अमक्या दिवशीं अमक्यानें तेच घातलें होतें, असें छायाचित्रावरून सिद्ध झालें नाहीं, तर त्यांची किंमत कातड्याची आणि फडक्याची. ह्याच कारणानें नकली मालाचा सुळसुळाट होतो, आणि ह्याच कारणानें चांगला संग्राहक वस्तूच्या आधीं कागद मागतो: कारखान्याची नोंद, दुरुस्तीची पावती, मालकांचीं पत्रें.

'ओल्ड नंबर वन'च्या खटल्यांत शेवटीं जिंकली ती हीच कागदांची चळत. गाडीचें लोखंड तिच्या बाजूनें फारशी साक्ष देऊं शकलें नाहीं. तिच्या फेरफारांची आणि अपघाताची हकीकत मात्र देऊं शकली. डन्फीचा मृत्यु आणि त्यानंतरची जुळणी ह्या गोष्टी कोणी झांकून ठेवल्या असत्या, तर आयुष्याचा तो धागा तेथेंच तुटला असता, आणि एक कोटि पौंडांची वस्तु हुबेहुब नक्कल ठरली असती. जखम लपविणाऱ्या गाडीपेक्षां जखमेची तारीख सांगणारी गाडी अधिक विश्वासाची. ज्या घरीं एखादी वाडवडिलांची वस्तु असेल, त्यांनीं ती घांसून लखलखीत करण्याच्या आधीं तिच्याबरोबरचा पिवळा पडलेला कागद जपून ठेवावा. कारण वस्तु कधीं ना कधीं झिजणारच, आणि ती कोणाची होती हें सांगावयास पुढें तो कागदच उरणार.