मार्सेलस शेलमधील भेगा

अमेरिकेच्या ॲपलाचियन प्रदेशात न्यूयॉर्कपासून वेस्ट व्हर्जिनियापर्यंत जमिनीखाली पसरलेला काळा, पापुद्र्यांचा खडक म्हणजे मार्सेलस शेल. न्यूयॉर्क राज्यात मार्सेलस गावाजवळ तो उघडा पडलेला दिसतो, म्हणून भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी १८३९ मध्ये त्याला गावाचे नाव दिले. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू कमी असलेल्या समुद्राच्या तळाशी साचलेला हा चिखल. त्यात गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून पुढे वायू तयार झाला. मात्र शेलची छिद्रे इतकी बारीक असतात, की तो वायू आपणहून विहिरीकडे येत नाही. त्याला वाट हवी, आणि ती कुठून कुठे जाणार हे भूपट्टांच्या जुन्या रेटारेटीने ठरवून ठेवले आहे.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेसह गोंडवन खंड उत्तर अमेरिकेला भिडू लागला. खडकातली भेग सर्वांत कमी दाबाच्या दिशेने उघडते आणि सर्वांत जास्त दाबाच्या दिशेने लांबते. त्या काळात मार्सेलसमध्ये पूर्व-ईशान्य दिशेच्या भेगा पडल्या. अभ्यासक त्यांना ‘जे-१’ म्हणतात. दाबाची दिशा बदलल्यावर त्यांना छेदणाऱ्या, वायव्येकडे जाणाऱ्या ‘जे-२’ भेगा आल्या. आधी काय घडले याचा पुरावा खडकातच आहे: घड्या पडून थर कलले तिथे जे-१ भेगाही थराशी काटकोन राखून कलल्या आहेत. म्हणजे भेग आधीची, घडी नंतरची.

या भेगा फक्त बाहेरच्या रेट्याने पडल्या नाहीत. खोल गाडलेल्या थरात वायू तयार होताना आतला दाब वाढला आणि त्याने खडक फोडला. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या घळीत, मार्सेलसहून वरच्या थरांत, भेगेच्या भिंतीवर पिसासारखी नक्षी उमटलेली आहे. पीस ठरावीक अंतराने अडखळते. भेग थोडी सरकली, की आतला दाब उतरे आणि ती थांबे. आसपासच्या खडकातून पुन्हा वायू झिरपून आला, की पुढचा टप्पा. निसर्गाने सावकाश केलेले हे फ्रॅकिंग, म्हणजे आतल्या दाबाने खडक फोडणे, एका दगडावर इतके स्पष्ट वाचता यावे, हे विलक्षणच. इथाकाजवळच्या केयुगा सरोवराभोवती अशा भेगांची मोजणी भूवैज्ञानिक पर्ल शेल्डन यांनी १९१२ मध्येच प्रसिद्ध केली होती.

पूर्व अमेरिकेत आजचा सर्वाधिक आडवा दाबही पूर्व-ईशान्य दिशेचाच आहे, म्हणजे जवळजवळ जे-१ला समांतर. हा योगायोग वायू काढणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. आडवी विहीर उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशी खोदली, की ती एकामागून एक जे-१ भेगा कापत जाते. मग दाबाखाली सोडलेले पाणी जे-१च्या दिशेने पसरते आणि वाटेत जे-२ भेगांनाही जोडून घेते. दिशा चुकली, तर तीच विहीर दोन भेगांच्या मधून कोरडी निघून जाऊ शकते.

भेगा नेहमी मोकळ्या असतात असेही नाही. टेक्सासच्या बार्नेट शेलमधल्या बहुतेक भेगा कॅल्साइट या खनिजाने बुजलेल्या आहेत. तरीही सांधा कच्चाच राहतो, आणि दाब आला की खडक तिथेच उकलतो.

मार्सेलसमधल्या आधुनिक फ्रॅकिंगची सुरुवात २००४ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या वॉशिंग्टन परगण्यातल्या रेन्झ विहिरीपासून झाली. २००८ मध्ये भूवैज्ञानिक टेरी एंगेल्डर आणि गॅरी लॅश यांनी या थरात ५०० लाख कोटी घनफूट वायू असावा आणि त्यातला दहावा हिस्सा हाती लागेल असा अंदाज मांडला. ज्या न्यूयॉर्कच्या घळींत या भेगांचे वाचन झाले, त्या राज्याने डिसेंबर २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावरील फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली. राज्याच्या सीमेपलीकडे पेन्सिल्व्हेनियात त्याच थरातून वायू निघतो.