दुसऱ्यांदा शिपाई झालेला माणूस

या मालिकेत आपण बरेच सेनापती पाहिले. आज गोष्ट एका नाईकाची. फौजेत नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती.

साताऱ्याच्या जावळी तालुक्यात केडंबे नावाचं गाव आहे. तिथले तुकाराम ओंबळे. त्यांची शेवटची रात्र तुम्हाला ठाऊक आहे. मला त्याआधीचं आयुष्य सांगायचं आहे.

जवान चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनीत निघतो. अधिकारी म्हणून मी अशा कित्येकांना निरोप दिला. हार घालायचा, फोटो काढायचा, गाडीत बसवायचं. पुढे त्याचं काय होतं, हे आम्ही फारसं विचारत नाही. घरी मुलं शाळेत असतात, नुसत्या पेन्शनीत भागत नाही. मग तो दुसरी नोकरी धरतो, आणि तीही तळापासून.

ओंबळे फौजेच्या सिग्नल्स विभागातून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत भरती झाले, साधे शिपाई म्हणून. संसार वरळीच्या पोलीस वसाहतीत. बायको, मुली, पाळ्या, बंदोबस्त. सतरा वर्षांनी ते सहायक फौजदार होते.

२६ नोव्हेंबर २००८. मध्यरात्र उलटलेली. सीएसटी आणि कामा रुग्णालयात माणसं मारून आलेले दोन अतिरेकी गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत अडले. एक तिथेच ठार झाला. दुसरा, कसाब, एके-४७ घेऊन होता. ओंबळेंच्या हातात काठी. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं.

दहापैकी तो एकच जिवंत हाती लागला. म्हणून कट कुठे शिजला, हे साऱ्या जगासमोर आलं. रीतसर खटला चालला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली.

२६ जानेवारी २००९ रोजी, इथे दिल्लीत, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ओंबळेंच्या पत्नीने अशोकचक्र स्वीकारलं. शांतताकाळातलं ते सर्वोच्च शौर्यपदक.

लोक म्हणतात, त्या क्षणी त्यांच्यात बळ संचारलं. मला तसं वाटत नाही. जो माणूस एकदा नोकरी पुरी करून, घरासाठी पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो आणि कुरकुर न करता रात्रपाळ्या काढतो, त्याची पकड आधीच घट्ट झालेली असते.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक रखवालदार आहे. मला रोज कडक सॅल्यूट करायचा. दोन वर्षं मी नुसती मान हलवून पुढे जात होतो. हे भाषण लिहायला घेतलं तेव्हा थांबून विचारलं. तोही निवृत्त नाईक निघाला. मला लाज वाटली. आता सकाळी आधी मी त्याला ‘राम राम’ करतो.

तुमच्याही फाटकावर कुणीतरी असेल. विचारून पाहा. जय हिंद.